औषध आपल्याच देशात



आपल्या गोंदिया जिल्ह्यात धान भरपूर पिकते. ते भरडण्यासाठी आपल्याकडे राईस मिल आहेत. आता अशी कल्पना करा की, येथे एकही मिल नाही. आपले धान दूरच्या देशात जाते आणि त्याचा तांदूळ दहापट किमतीने परत येतो. मग गरिबाच्या ताटात भात कसा येईल?

सुमारे शंभर वर्षांपूर्वी औषधांच्या बाबतीत आपल्या देशाची अशीच स्थिती होती. कोलकात्यात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी स्वदेशी औषधांचा कारखाना काढला होता. पण बहुतेक नवी औषधे परदेशातून येत. ती महाग असत. ही स्थिती बदलण्यासाठी ज्यांनी कष्ट केले, त्यांत डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचे नाव मोठे आहे.

त्यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1898 रोजी अलीगढ येथे झाला. रसायनशास्त्र हा त्यांचा आवडता विषय. ते तरुण असताना देशात असहकाराची चळवळ सुरू झाली. त्याच काळात, 1920 साली, अलीगढमध्ये जामिया मिलिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था स्थापन झाली. हमीद तेथे रसायनशास्त्र शिकवू लागले. डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे भारताचे राष्ट्रपती झाले, ते त्यांचे मित्र होते.

पुढे हमीद उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले. त्या काळी रसायनशास्त्रात जर्मनी सर्वांत पुढे होता. बर्लिन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तेथेच त्यांची लुबा या तरुणीशी ओळख झाली. त्या लिथुआनियातील ज्यू कुटुंबातील होत्या. दोघांनी 1928 साली विवाह केला.

मित्रांनो, जर्मनीत राहिले असते, तर हमीद यांना चांगली नोकरी मिळू शकली असती. पण ते मायदेशी परतले. 1935 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत एक कंपनी स्थापन केली. तिचे नाव होते केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज. या लांबलचक नावातील आद्याक्षरे जुळवून सिप्ला हे नाव तयार झाले. मुंबई सेंट्रल भागातील एका भाड्याच्या बंगल्यात कामाला सुरुवात झाली. हमीद यांच्याजवळ स्वतः तयार केलेली औषधांची सूत्रे होती. ती त्यांनी कंपनीला दिली आणि त्याबद्दल मानधन घेतले नाही. 1937 साली कंपनीची पहिली औषधे बाजारात आली. 4 जुलै 1939 रोजी महात्मा गांधींनी या कारखान्याला भेट दिली.

त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारी औषधे बंद पडू लागली. परक्यांवर अवलंबून राहिले, तर ऐन संकटात हात रिकामे राहतात, हे तेव्हा सर्वांना कळले. सिप्लाने आवश्यक औषधे आणि रसायने तयार करण्याचे काम वाढवले. देशात विज्ञानाचे संशोधन वाढावे म्हणून हमीद यांनी सरकारपुढे एक योजनाही मांडली. 1942 साली उभ्या राहिलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेला या योजनेचा उपयोग झाला. ते अनेक वर्षे मुंबईच्या विधान परिषदेचे सदस्य होते आणि मुंबईचे शेरीफही झाले.

तरीही एक मोठी अडचण उरली होती. ती होती पेटंटच्या कायद्याची. पेटंट म्हणजे नवा शोध लावणाऱ्याला काही वर्षे मिळणारा खास हक्क. या हक्कामुळे परदेशी कंपनीचे नवे औषध दुसऱ्या कोणाला बनवता येत नसे. 1970 साली संसदेने नवा कायदा केला. त्यानुसार औषधावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळू लागले. दुसरी पद्धत शोधून तेच औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. हा कायदा 20 एप्रिल 1972 रोजी लागू झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 23 जून 1972 रोजी, डॉ. हमीद यांचे निधन झाले.

मित्रांनो, झाड लावणाऱ्याला फळ पाहायला मिळतेच असे नाही. पुढे जगात एड्स हा रोग पसरला. त्याच्या विषाणूला एचआयव्ही म्हणतात. या विषाणूला आवर घालणारी औषधे निघाली. पण 2000 च्या सुमारास तीन औषधांच्या एका वर्षाच्या उपचाराला 10 ते 15 हजार डॉलर, म्हणजे साडेचार लाख रुपयांहून अधिक खर्च येई. औषध असूनही आफ्रिकेत आणि आपल्या देशात माणसे मरत होती. तेव्हा हमीद यांचे पुत्र डॉ. युसूफ हमीद सिप्लाचे प्रमुख होते. फेब्रुवारी 2001 मध्ये त्यांनी गरीब देशांतील रुग्णांसाठी हीच औषधे वर्षाला 350 डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी! सिप्लाने तिन्ही औषधे एकाच गोळीत आणली. इतर भारतीय कंपन्याही पुढे आल्या आणि काही वर्षांनी हा खर्च 100 डॉलरच्याही खाली गेला. 2007 साली सिप्लाच्या सहकार्याने आफ्रिकेतील युगांडा देशात अशा औषधांचा कारखाना सुरू झाला. जे ज्ञान हमीद यांनी जर्मनीहून मायदेशी आणले, तसे ज्ञान आता भारतातून दुसऱ्या देशात पोचले.

2005 पासून आपल्या देशात औषधावर पुन्हा पेटंट मिळू लागले आहे. त्यामुळे नवे औषध गरिबांना परवडेल का, हा प्रश्न अजून संपलेला नाही.

आपल्या देशात 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांतून ही औषधे मोफत देण्यास सुरुवात झाली. आज औषध नियमित घेणारा रुग्ण शेतात राबतो, दुकान चालवतो, मुलांना शाळेत पाठवतो. त्याच्याशी हात मिळवल्याने किंवा त्याच्यासोबत जेवल्याने हा रोग होत नाही. म्हणून त्याला दूर लोटू नका. औषध स्वस्त करणे कारखान्याच्या हाती असते. पण रुग्णाला जवळ करणे तुमच्या आणि माझ्या हाती आहे.

उद्या तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात धराल, तेव्हा अलीगढच्या त्या तरुण शिक्षकाची आठवण ठेवा. त्यानेही सुरुवात रसायनशास्त्राच्या वर्गातूनच केली होती.