६०६ खेड्यांचा हिशोब मांडणारे कुमारप्पा

वर्धा म्हटलं की गांधीजी आठवतात, विनोबाजी आठवतात, जमनालालजी आठवतात. पण जे. सी. कुमारप्पा हे नाव आपल्या होस्टेलवर दहा जणांना विचारलं, तर एखाद्यालाच ठाऊक असतं. मगनवाडीवरून आपण कितीदा तरी जातो, पण तिथे कोण काम करत होतं याची चौकशी करत नाही. म्हणून या अंकासाठी मी हाच विषय घेतला.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला, एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला अकाउंटन्सी शिकून त्यांनी मुंबईत व्यवसाय थाटला. सुटाबुटातला साहेबी माणूस! पुढे ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्याकडे ते शिकले. हे सेलिग्मन म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही गुरू. तिथे कुमारप्पांनी अभ्यासाला विषय घेतला तो भारतातल्या सरकारी जमाखर्चाचा आणि गरिबीचा. सरकार कर कोणाकडून घेतं आणि तो पैसा खर्च कोणावर होतो, हे आकड्यांवरून तपासताना त्यांचं मन साहेबी जगातून उडालं.

१९२९ मध्ये ते साबरमतीला गांधीजींना भेटले. आपला निबंध छापून यावा एवढीच अपेक्षा होती. गांधीजींनी त्यांना गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची पाहणी करायला सांगितलं. गुजरात विद्यापीठाची धुरा तेव्हा आपल्या काकासाहेब कालेलकरांकडे होती. गुजराती न येणारा हा माणूस खेड्यात जाऊन काय पाहणी करणार, अशी शंका येणं साहजिकच होतं. पण विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन कुमारप्पा गावोगाव फिरले. शेती, जनावरं, कर्ज, उत्पन्न, शेतसारा... सगळं विचारून लिहून काढलं. खाऊनपिऊन कुटुंबाकडे काही उरतं का, आणि उरत नसेल तर सारा भरायचा कशातून, हा त्यांचा साधा प्रश्न होता. १९३१ मध्ये तो अहवाल पुस्तकरूपाने निघाला.

हिशोबाच्या बाबतीत ते कोणाचीच भीड ठेवत नसत. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशोब त्यांच्याकडे होते. स्वयंसेवकाच्या जेवणाला रोज तीन आणे, असा त्यांनी नियम केला. गांधीजींच्या मंडळींचा खर्च त्यात बसेना, तर जास्तीचा पैसा निधीतून मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गांधीजींनाही नियम तोच!

त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं ठाणं आपल्या वर्ध्याला, जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत झालं. चिटणीस कुमारप्पा. तेलघाणी, हातकागद, गूळ, चूल यांवर इथे प्रयोग चालत. झवेरभाई पटेलांनी सुधारलेली घाणी इथलीच. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचं तर ती आर अँड डी लॅबच होती!

आता मुख्य गोष्ट. मध्य प्रांत व वऱ्हाडमध्ये काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि सरकारने औद्योगिक पाहणी समिती नेमली. अध्यक्ष कुमारप्पा. कारखाने कुठे काढावेत एवढंच न पाहता त्यांनी तब्बल ६०६ खेड्यांची पाहणी करवून घेतली. जंगल, खनिजं, वीज यांचाही विचार केला. ही साधनं गावातल्या कारागिरापर्यंत पोचतात का, हे त्यांना पाहायचं होतं. खात्याने किती पैसे खर्च केले यावर काम जोखायचं नाही, तर त्यातून गरिबाच्या हाती काय आलं यावर जोखायचं, ही त्यांची कसोटी.

अहवाल १९३९ मध्ये आला. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात, युद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. अहवाल तयार, पण तो राबवणारं सरकारच नाही! मला तर वाटतं, एवढ्या पायपिटीनंतर दुसरा कोणी खचला असता. कुमारप्पांनी मगनवाडीतलं काम चालू ठेवलं. १९४२ च्या आंदोलनानंतर ते तुरुंगात गेले, तर तिथेही त्यांनी पुस्तकं लिहिली. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतजमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. १९४९ च्या त्या अहवालात जमीन कसणाऱ्याची, हा आग्रह होता. पुढे ते आपल्याच जिल्ह्यात सेलडोहला राहिले आणि शेवटची वर्षं मदुराईकडे काढली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचं निधन झालं.

आज मगनवाडीत मगन संग्रहालय आहे आणि ग्रामीण उद्योगांवर संशोधन करणारी एमगिरी ही संस्थाही आहे. आपण एनएसएसच्या कॅम्पमध्ये किंवा प्रोजेक्टसाठी गावात फॉर्म भरून घेतो. बाया-माणसं हातातलं काम सोडून आपल्याशी बोलतात. त्या फॉर्मचा आकडा झाला, आकड्याचा ग्राफ झाला, ग्राफला मार्क मिळाले... पण त्या घराला काय मिळालं? निदान तयार झालेला रिपोर्ट ग्रामपंचायतीत नेऊन मराठीत वाचून दाखवायला काय हरकत आहे? कुमारप्पांसारखी ६०६ खेडी आपल्याच्याने होणार नाहीत. पण एका गावाचा हिशोब त्या गावाला परत देणं, एवढं तरी आपल्याला नक्कीच जमेल!