डॉ. होमी भाभा : माणसे घडविणारा शास्त्रज्ञ

डॉ. होमी भाभा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अणुभट्टी उभी राहते. मला मात्र त्यांच्या चरित्रात अधिक मोलाची वाटली ती नवशिक्यांना जवळ करण्याची त्यांची रीत.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२७ मध्ये वडिलांच्या इच्छेनुसार ते इंजिनियर होण्यासाठी केंब्रिजला गेले. ती पदवी मिळवून ते पदार्थविज्ञानाकडे वळले. पुढे पाउली, फर्मी, बोर अशा थोरांच्या सहवासात त्यांनी काम केले. संशोधन हे संशोधकाच्या शेजारी बसूनच शिकायचे असते, ही जाण त्यांना तेथेच आली असावी.

१९३९ मध्ये सुटीवर मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि ते बंगलोरच्या विज्ञान संस्थेत रुजू झाले. तेथे हरीशचंद्र नावाचा विशीतला तरुण त्यांच्याकडे आला. त्याला सहकारी मानून भाभांनी त्याच्यासह शोधनिबंध लिहिले. १९४५ मध्ये तो केंब्रिजला डिरॅक यांच्याकडे गेला व पुढे जगन्मान्य गणिती झाला.

त्याच वर्षी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९५७ मध्ये त्यांनी प्रशिक्षणशाळा काढली. नव्या पदवीधरांना विद्यावेतन, वर्षभर शिक्षण आणि मग थेट शास्त्रज्ञांच्या गटात काम! शिकविणारेही प्रयोगशाळेतलेच. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरील विमान अपघातात भाभा गेले. शाळा मात्र चालत राहिली.

मी जासईचा, दि. बा. पाटलांच्या गावचा. ट्रॉम्बे आम्हाला खाडीपलीकडे. २०२४ मध्ये अटल सेतूही झाला. तरी आमच्याकडील मुलगा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जातो तेव्हा संशोधन ही आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे, असेच धरून चालतो. भाभांची शाळा पदवीनंतर हात देते. तोवर अनेकांची उमेद मावळलेली असते. त्यांच्याच नावाच्या मानखुर्दच्या विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शकांसह संशोधनात घेणारा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला, तो म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो.

भाभा स्वतः उत्तम चित्रकारही होते. तेव्हा कलाशाखेच्या आपणही हा धडा घ्यावा. प्राध्यापकांनी आपल्या चालू संशोधनात पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घ्यावे. भाभांना याहून चांगली आदरांजली कोणती?