अनंत पै : चित्रकथेला शाळेत मान मिळवून देणारे संपादक

मुलाच्या दप्तरात चित्रकथेचे पुस्तक सापडले की ते जप्त करावे, असा एके काळी बहुतेक शाळांचा शिरस्ता होता. चित्रे पाहणाऱ्या मुलाची वाचनाची गोडी मरते, अशी पालकांचीही समजूत असे. ही समजूत बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते अनंत पै मूळचे कर्नाटकातील आणि कर्तृत्वाने मुंबईचे.

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ रोजी कारकळ येथे झाला. दोन वर्षांचे असतानाच त्यांचे मातृपितृछत्र हरपले. बाराव्या वर्षी ते मुंबईस आले आणि माहीमच्या ओरिएंट शाळेत शिकू लागले. पुढे रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि रासायनिक तंत्रज्ञान या विषयांचे शिक्षण त्यांनी घेतले. त्या काळी अशा पदवीधरास स्थिर नोकरीची वाट मोकळी होती. परंतु पै यांचे मन मुलांच्या वाङ्मयात रमले होते. १९५४ मध्ये त्यांनी ‘मानव’ हे मुलांचे मासिक काढून पाहिले. ते चालले नाही. त्या अपयशानेही त्यांची ओढ मात्र ओसरली नाही.

पुढे ते टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन विभागात रुजू झाले. तेथून मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाले. मराठी वाचकांना वेताळ म्हणून परिचित झालेला ली फॉक यांचा फँटम त्यातूनच भारतीय घरांत शिरला. कवटीची गुहा, मुखवटा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला अमर वीर यांनी मुलांना वेड लावले. चित्रांची चौकट मुलाला किती घट्ट धरून ठेवते, याचा धडा पै यांना येथे मिळाला. मात्र ही सारी अद्भुतसृष्टी परकी होती.

फेब्रुवारी १९६७ मध्ये ते दिल्लीत होते. दूरदर्शन तेव्हा केवळ दिल्लीपुरतेच होते. एका दुकानातील संचावर प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम पाहताना त्यांच्या लक्षात आले की, ग्रीक देवतांविषयी अचूक उत्तरे देणाऱ्या मुलांना श्रीरामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. त्यांनी हातची नोकरी सोडली आणि भारतीय कथांची चित्रमाला काढण्याचा प्रस्ताव घेऊन ते प्रकाशकांकडे जाऊ लागले. अनेक नकारांनंतर इंडिया बुक हाऊसने तो स्वीकारला आणि ‘अमर चित्र कथा’ उभी राहिली.

या मालेच्या इतिहासात बंगळूरचे स्थान विसरता येणार नाही. त्याआधी, १९६५ मध्ये, याच प्रकाशनसंस्थेचे बंगळूरमधील जी. के. अनंतराम यांनी कन्नड चित्रकथांचा उपक्रम हाती घेतला होता. सिंड्रेला, पिनोकिओ अशा पाश्चात्त्य गोष्टींचे ते पहिले दहा अंक होत. म्हणूनच राम वाईरकरांनी चितारलेला ‘कृष्ण’, जो सर्वसाधारणपणे मालेचा आरंभ मानला जातो, प्रत्यक्षात अकराव्या क्रमांकाचा आहे. आरंभाच्या श्रेयाविषयी पुढे मतभेद झाले. क्रमांकांतून मात्र बंगळूरची नोंद कायम राहिली.

आरंभी विक्री मंद होती. पै यांनी शाळांकडे मोर्चा वळवला. १९७८ मध्ये दिल्लीत शालेय शिक्षणातील चित्रकथेचे स्थान या विषयावर चर्चासत्र भरवून त्यांनी शिक्षणक्षेत्रातील जाणत्यांना या प्रश्नाचा विचार करावयास लावले. हळूहळू जप्त होणारी पुस्तके शाळेच्या ग्रंथालयांत स्थिरावली. प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांच्या कुंचल्याने ही माला सजली. शिवाजी महाराज, ज्ञानेश्वर, तुकाराम, बसवेश्वर, पुरंदरदास, कृष्णदेवराय एकाच मालेत आल्यामुळे कर्नाटकातील मराठी घरांतील मुलांना आपले दोन्ही वारसे एकाच कपाटात लाभले.

या मालेवर टीकाही झाली. देव-वीर गोरे आणि राक्षस काळे का, स्त्रिया दुय्यम का, गुंतागुंतीचा इतिहास इतका सोपा का, असे प्रश्न अभ्यासकांनी विचारले. ते रास्त होते. लक्षावधी मुले ज्या चित्रांतून आपला देश प्रथम पाहतात, त्या चित्रांची जबाबदारी मोठी असते.

नोव्हेंबर १९८० मध्ये पै यांनी ‘टिंकल’ सुरू केले. वाईरकरांचा सुप्पंडी आणि वसंत हळबे यांनी रेखाटलेला शिकारी शंभू मुलांचे सोबती झाले. देशभरातील मुले संपादकांस पत्रे लिहीत आणि त्यांना अंकल पै म्हणत.

फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत भारतातील पहिले कॉमिक कॉन भरले. तेथे पै यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. त्यानंतर काही दिवसांतच, २४ फेब्रुवारी रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या छंदाला मोठ्यांनी पोरखेळ म्हणून हिणवले, त्याच्या जाहीर उत्सवात झालेला हा सन्मान त्यांच्या हयातीतच घडला.