मालक, संपादक आणि उमेदवार : आचार्य अत्रे

निवडणुकीत वृत्तपत्राचा मालक कोणाच्या बाजूचा, हे वाचकाला ठाऊक असते काय? आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांच्या बाबतीत हा प्रश्न कधी पडला नाही. १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळील कोढीत गावी जन्मलेले अत्रे शिक्षक, नाटककार म्हणून कीर्ती मिळवून पत्रकारितेत आले. १९४० मध्ये त्यांनी ‘नवयुग’ साप्ताहिक काढले.

मुंबईतील बडी दैनिके तेव्हा उद्योगपतींच्या हाती होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला हक्काचे व्यासपीठ हवे, म्हणून अत्रे यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी दैनिक ‘मराठा’ सुरू केले. १९५७ च्या निवडणुकीत ते संयुक्त महाराष्ट्र समितीचे उघड प्रचारक ठरले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची पीछेहाट झाली. शिवनेरीचा मुलूखही त्याला अपवाद नव्हता. जुन्नर-आंबेगाव परिसर ज्यात येई, त्या खेड लोकसभा मतदारसंघातून समितीतील प्रजा समाजवादी पक्षाचे बाळासाहेब साळुंके विजयी झाले.

मात्र हे शस्त्र दुधारी होते. ‘मराठा’त विरोधकांवर जहाल टीका होई, त्यांची बाजू जाणण्यासाठी दुसरे पत्र घ्यावे लागे. १९६२ मध्ये अत्रे दादरमधून विधानसभेवर गेले. १९६७ मध्ये मध्य मुंबईतून लोकसभेसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांचे स्वतःचे दैनिकही त्यांना तारू शकले नाही. १३ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

अत्रे यांचा पक्षपात वाचक जाणून होता. मालकाचा कल बातमीआड दडतो, तेव्हा मतदाराला ही सोय उरत नाही.