अव्यक्ताचे गणित सांगणारे भास्कराचार्य

शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये, सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडवीड नावाच्या गावी भास्कराचार्यांचा जन्म झाला. हे गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण परिसराकडे अनेकांचा कल आहे. वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. घराण्यात विद्येची परंपरा पिढ्यानपिढ्या चालत आलेली होती.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात. लीलावती ही त्यांची कन्या असल्याची आणि तिच्या हुकलेल्या विवाहमुहूर्ताची कथा घरोघरी सांगितली जाते. ती कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादामुळे प्रसिद्ध झाली. मूळ ग्रंथात तिला आधार नाही. लीलावतीच्या या लौकिकाआड दुसरा भाग, बीजगणित, काहीसा झाकला गेला. आपली मुले आज परदेशातील शाळांत जे बीजगणित शिकतात, त्याचे मूळ नियम या भागात क्रमाने मांडलेले आहेत.

भास्कराचार्यांच्या दृष्टीने अंकगणित हे व्यक्ताचे गणित, तर बीजगणित हे अव्यक्ताचे. जी राशी ठाऊक नाही तिला नाव द्यायचे आणि ती ठाऊक असल्याप्रमाणे तिच्याशी व्यवहार करायचा, हा या शास्त्राचा पाया. पहिल्या अव्यक्त राशीला परंपरेने यावत्तावत् म्हणत. अधिक राशी असल्या तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे येत. आज आपण क्ष आणि य लिहितो, तेव्हा नावे बदललेली असतात, रीत तीच असते. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देण्याचा त्यांचा प्रघात होता.

त्यांचे एक उदाहरण पाहावे. एका माणसाजवळ ३०० नाणी आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० नाण्यांचे कर्ज आहे. सर्व घोड्यांची किंमत सारखी आणि दोघांची संपत्तीही सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? दोन्ही बाजू समोरासमोर मांडायच्या. सहा घोडे दोन्हींकडून वजा केले की एका बाजूस ३०० नाणी उरतात आणि दुसऱ्या बाजूस चार घोडे व १०० चे ऋण. ते ऋण फेडण्यासाठी दोन्ही बाजूंत १०० मिळवले की चार घोडे म्हणजे ४००, अर्थात एक घोडा १०० नाण्यांचा. पडताळा घेतला तर दोघांचीही संपत्ती ९०० भरते. एका बाजूस जे करावे तेच दुसऱ्या बाजूस करावे, हा समीकरणाचा मूलमंत्र एवढ्यात येऊन जातो. कर्जाच्या रूपाने ऋण संख्याही सहज समजते.

वर्गसमीकरणांसाठी त्यांनी श्रीधराचार्यांचा नियम त्यांचे नाव घेऊन दिला. श्रीधरांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. तो नियम आपल्यापर्यंत पोहोचला याचे मोठे श्रेय भास्कराचार्यांच्या प्रामाणिकपणाला आहे. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळे असतात आणि ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती कोणाचाच वर्ग नाही, असे त्यांनी कारणासह सांगितले.

मात्र दोन उत्तरे आली म्हणजे दोन्ही स्वीकारावीत का? वानरांच्या कळपाचे त्यांचे उदाहरण या दृष्टीने मोलाचे आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसते. तर कळप केवढा? समीकरण ५० आणि ५ अशी दोन उत्तरे देते. पाच धरले तर पाचवा भाग एक येतो आणि त्यातून तीन वजा करता ऋण दोन उरतात. आकडेमोड बिनचूक जुळते, तरीही वानरांच्या बाबतीत अशी ऋण संख्या लोकांच्या पचनी पडत नाही, म्हणून भास्कराचार्यांनी दुसरे उत्तर बाजूला ठेवले. दुसऱ्या एका उदाहरणात मात्र १६ आणि ४८ ही दोन्ही उत्तरे त्यांनी मान्य केली. यंत्रवत् सूत्र चालवणे आणि प्रश्नाचा अर्थ समजणे यांतला हा फरक आहे. बुद्धी हेच खरे बीज, ही त्यांची धारणा येथे प्रत्यक्ष दिसते.

त्यांच्या सामर्थ्याचा कळस वर्गप्रकृतीत दिसतो. ज्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळवल्यास पुन्हा पूर्ण वर्ग येतो, अशी सर्वांत लहान संख्या त्यांनी चक्रवाल रीतीने काढली. ती आहे २२,६१,५३,९८०. फ्रान्समधील फर्मा यांनी १६५७ मध्ये याच ६१ चे कोडे युरोपातील गणितज्ञांपुढे टाकले, तेव्हा भास्कराचार्यांच्या उत्तराला पाच शतके लोटली होती.

११८३ च्या सुमारास, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा पंचांगगणिताचा सुटसुटीत ग्रंथ रचला. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाळाच्या आश्रयास गेले आणि नातू चांगदेव सिंघण यादवाचे ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी पाटण येथे मठ स्थापला. १२०७ मधील त्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचा जो हक्क होता, तो मठाला दिल्याचे त्यांत नोंदले आहे.

पुढे शाहजहानच्या काळात, १६३४ मध्ये, अताउल्ला रशीदी यांनी बीजगणित फारसीत नेले आणि १८१७ मध्ये कोलब्रूक यांचा संस्कृतावरून केलेला इंग्रजी अनुवाद लंडनला प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ टिकला तो केवळ त्याच्या गुणांवर नव्हे. तो शिकवणारे आणि शिकणारे असावेत याची कोणीतरी तरतूद केली होती, आणि त्या तरतुदीचा हिशेब लोकांना कळेल अशा मराठीत दगडावर कोरला होता.