नोंदवहीतले पहिले नाव

माणूस आजारी पडून रुग्णालयाच्या खाटेवर आडवा होतो, तेव्हा तो आपला जीव अनोळखी माणसांच्या हवाली करतो. डॉक्टर येतो, तपासतो आणि निघून जातो. रात्रभर जागी असते ती नर्स. इंजेक्शन तीच देते, औषधाची मात्रा तीच मोजते. तिच्याकडून हयगय झाली तर रुग्णाच्या नातेवाइकांनी जाब कोणाला विचारायचा? आणि व्यवस्थापनाने स्वतःचा दोष तिच्या माथी मारला, तर तिने दाद कोठे मागायची? हे दोन्ही प्रश्न कायद्याच्या कक्षेत आणण्यासाठी इंग्लंडमध्ये एका स्त्रीने तीस वर्षांहून अधिक काळ लढा दिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. एथेल बेडफोर्ड फेनविक यांचे नाव मात्र जगभरच्या परिचर्येच्या इतिहासात मोठे असूनही आपल्यापर्यंत फारसे पोहोचले नाही.

एथेल गॉर्डन मॅन्सन यांचा जन्म 1857 साली स्कॉटलंडमध्ये एका सधन घरात झाला. नॉटिंगहॅमच्या बालरुग्णालयात आणि मँचेस्टरच्या रुग्णालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि 1881 साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्या लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू या जुन्या व नामांकित रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या. त्या काळी कोणीही बाई अंगावर एप्रन चढवून स्वतःला नर्स म्हणवून घेऊ शकत होती. शिक्षण किती, कोठे, कोणाकडे, याला काही धरबंध नव्हता. फेनविक यांनी आपल्या रुग्णालयात तीन वर्षांच्या शिक्षणाचा आग्रह धरला.

1887 साली डॉ. बेडफोर्ड फेनविक यांच्याशी विवाह झाल्यावर रीतीप्रमाणे त्यांनी नोकरी सोडली. पण घरी बसल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन उभी केली. मागणी एकच होती. डॉक्टरांची जशी सरकारी नोंदवही आहे तशी नर्सचीही असावी. ठरलेले शिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या नर्सचेच नाव त्यात यावे आणि गैरवर्तन सिद्ध झाले तर ते नाव खोडता यावे. चळवळीला स्वतःचे मुखपत्र लागते, हे त्या जाणून होत्या. म्हणून 1893 पासून नर्सचे एक नियतकालिक त्यांनी हाती घेतले आणि अनेक दशके त्याचे संपादन केले. 1899 साली आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षही त्याच.

विरोध कोणी केला? खुद्द नाइटिंगेल यांनी केला. त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. परीक्षेने माहिती तपासता येते, शील तपासता येत नाही. कधीकाळी उत्तीर्ण झालेली बाई आज कशी वागते, हे नोंदवही सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मोठ्या रुग्णालयांच्या चालकांचा विरोध मात्र निराळ्या जातीचा होता. लंडन हॉस्पिटलमध्ये शिक्षण दोनच वर्षांचे होते आणि तेथील नर्सना श्रीमंतांच्या घरी सेवेला पाठवून रुग्णालय पैसा मिळवत असे. शिक्षणाचे मोजमाप सरकारने ठरवले, तर नर्सवरची मालकी सैल होणार होती. प्रस्थापित व्यवस्था शीलाची भाषा बोलते, तेव्हा तिच्या हिशेबाच्या वह्याही उघडून पाहाव्या लागतात!

बाकीचे जग थांबले नाही. दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीने 1891 मध्ये नर्सची सरकारी नोंदणी सुरू केली, न्यूझीलंडने 1901 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. इंग्लंडच्या संसदेत मात्र विधेयकामागून विधेयक पडत राहिले. 1905 साली संसदेच्या समितीने नोंदणीची शिफारस केली, तीही धूळ खात पडली. नर्सचा प्रश्न हा स्त्रीच्या हक्काचाच प्रश्न आहे, अशी फेनविक यांची धारणा होती आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या त्या पुरस्कर्त्या होत्या. ज्यांना मत नाही त्यांचे विधेयक कोण वाचणार? 1918 साली इंग्लंडमधील स्त्रियांच्या एका वर्गाला मताधिकार मिळाला आणि 1919 च्या डिसेंबरात नर्स नोंदणी कायदा झाला. हा क्रम चळवळीच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा.

या कायद्याची रचना वकिलाच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. नोंदवही ठेवण्यासाठी परिषद नेमली गेली. नोंद नसताना नोंदणीकृत नर्स म्हणून मिरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी 10 पौंडांपर्यंत व पुढच्या प्रत्येक गुन्ह्यासाठी 50 पौंडांपर्यंत दंड ठेवला गेला. नाव खोडण्याचा अधिकार परिषदेला मिळाला. पण जिचे नाव खोडले तिला तीन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्कही मिळाला. म्हणजे उत्तरदायित्व आले ते न्यायाच्या हमीसह आले. 1921 साली नोंदवही उघडली आणि पहिले नाव लागले ते एथेल बेडफोर्ड फेनविक यांचे.

येथे आरती संपवून चिकित्सा करणे भाग आहे. नोंदवहीच्या दारावर फेनविक इतक्या काटेकोर बसल्या, की अर्ज रेंगाळले, सहकारी सदस्यांनी राजीनामे दिले आणि परिषदेच्या पहिल्याच निवडणुकीत नर्सनी त्यांना घरी बसवले. याचे मूळ त्यांच्या वर्गदृष्टीत होते. नर्स ही सुशिक्षित, वरच्या थरातली स्त्रीच असावी, असे त्यांना वाटे. धुण्याभांड्याची कामे करून, उपाशीपोटी रात्रपाळ्या करून अनुभवाने तयार झालेल्या गरीब बायकांविषयी त्यांना आस्था नव्हती. पुरुष नर्सनाही मुख्य नोंदवहीत जागा नव्हती. त्यांची नावे वेगळ्या भागात ठेवली गेली आणि हा भेद 1949 च्या कायद्यापर्यंत टिकला. गुणवत्तेच्या नावाने दार बंद कसे केले जाते, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. रुग्णाच्या सुरक्षेसाठी लावलेली अट कोणती आणि जन्माची प्रतिष्ठा राखण्यासाठी लावलेली अट कोणती, हा विवेक फेनविक यांना करता आला नाही. त्यांचा कायदा मात्र त्यांच्यापेक्षा मोठा ठरला. कारण लेखी नियम सर्वांना सारखा वाचता येतो, मालकाची मर्जी वाचता येत नाही.

फेनविक 1947 च्या मार्च महिन्यात वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस, बाबासाहेब देशाचे कायदामंत्री असताना, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. महाराष्ट्राचा परिचारिका कायदा 1966 चा आहे. 2023 साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. कायद्यांची वाण नाही. तरीही खासगी नर्सिंग होममध्ये नोंदणी नसलेल्या मुलींना पांढरा गणवेश चढवून तुटपुंज्या पगारावर राबवले जाते. रुग्ण दगावला की पहिला बळी त्याच मुलीचा जातो. तिला कामावर ठेवणारा नामानिराळा राहतो. या मुली बहुतेक गरिबांच्या असतात आणि तो रुग्णही अनेकदा गरिबाचाच असतो.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी दोन कामे करावीत. नर्सिंगला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला प्रवेशाआधीच सांगावे, की संस्था मान्यताप्राप्त आहे का ते पाहा आणि शिक्षण संपताच परिषदेत नाव नोंदव. ते नाव हीच तुझी सनद. आणि रुग्णालयात काही अघटित घडले तर नर्सच्या अंगावर धावून जाण्यापूर्वी लेखी विचारावे: हिची नोंदणी आहे का, नसेल तर हिला कामावर कोणी ठेवले, आणि त्या रात्री एकटीवर किती रुग्ण सोपवले होते? नोंदणीकृत नर्सने गैरवर्तन केले असेल, तर परिषदेकडे रीतसर तक्रार करावी. तिलाही नोटीस मिळावी, बाजू मांडता यावी, मगच निर्णय व्हावा. जमावाने केलेल्या न्यायात उद्या आपलाच माणूस भरडला जातो, हे विसरू नये.