नाना फडणवीस : खर्ड्याचा विजय आणि त्यानंतर

बीड जिल्ह्यातील नांदूरघाट येथून बालाघाटाच्या डोंगररांगेने पश्चिमेकडे गेले की अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा हे गाव लागते. १७९५ सालच्या प्रारंभी हैदराबादचा निजामअली आपली फौज घेऊन बीदरहून मांजरा नदीच्या खोऱ्याने याच दिशेने निघाला होता. ११ मार्च रोजी खर्ड्याजवळ मराठ्यांनी त्याचा पराभव केला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सर्व सरदार एका निशाणाखाली लढले, आणि तसे ते पुन्हा कधी लढले नाहीत. ही एकजूट घडविणारा पुरुष स्वतः तलवारबहाद्दर नव्हता. तो होता पेशव्यांचा कारभारी, बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. एकोणिसाव्या वर्षी ते पानिपतावर होते. तेथून ते कसेबसे जीव वाचवून परतले. बरोबर गेलेली आई मात्र त्या धामधुमीत कायमची हरवली. पुढील आयुष्यात रणांगणापेक्षा पत्रव्यवहार, वकील आणि हेर यांवर त्यांनी जो विश्वास ठेवला, त्याचे मूळ या अनुभवात असावे असे वाटते.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात वध झाला. नाना आणि इतर मुत्सद्द्यांनी, म्हणजे बारभाईंनी, तान्ह्या सवाई माधवरावाच्या नावे कारभार हाती घेतला. तेव्हा चुलता रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेला आणि मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने साष्टी व वसई त्यांना देऊ केली. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. परकीयांनी आपल्यात फूट पाडली असे आपण सहज म्हणतो. परंतु हे भांडण इंग्रजांनी लावलेले नव्हते. घरातल्याच माणसाने त्यांना दार उघडून दिले आणि त्यांनी आत येण्याची किंमत ठरविली.

नानांना हे पुरते उमगले होते. फ्रेंचांचा हस्तक सेंट लुबिन १७७७ साली पुण्यास आला, तेव्हा त्याचा सत्कार करून त्यांनी इंग्रजांना धाक दाखविला. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रज फौजेला शरण यावे लागले. पुढच्याच वर्षी नानांनी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले. दक्षिणेतील सत्तांनी आपसांतील वैर बाजूला ठेवून परकीयांचा प्रतिकार करावा, असा एवढा व्यापक प्रयत्न त्या काळात दुसरा झाला नाही. परंतु वॉरन हेस्टिंग्जने गुंटूर परत देऊन निजामाला शांत केले आणि भोसल्यांना पैसा देऊन. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली. साष्टी गेली ती गेलीच.

आता नानांचीही चूक सांगितली पाहिजे, कारण थोर पुरुषांच्या चरित्रात ती लपविण्याची आपल्याला सवय आहे. १७९० मध्ये त्यांनी टिपूविरुद्ध इंग्रज व निजाम यांच्याशी हातमिळवणी केली. दोन वर्षांनी टिपूचे अर्धे राज्य गेले. मराठ्यांना वाटा मिळाला हे खरे. परंतु इंग्रजांचा दक्षिणेतील सर्वांत कडवा विरोधक दुबळा झाला. आणि खर्डा? चौथाईच्या थकबाकीचे मराठ्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. मात्र निजामाने मदत मागितली असता गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. लढाईत इंग्रजांचे काहीच गेले नाही. तहानुसार निजामाने दौलताबादचा किल्ला, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख आणि तीन कोटी रुपये देण्याचे मान्य केले.

हा विजय काही महिनेच टिकला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वाड्याच्या सज्जावरून पडून वारले. गादीच्या तंट्यात निजामाचा पाठिंबा मिळावा म्हणून पुढील वर्षी नानांनी महाड येथे करार केला आणि खर्ड्याला मिळविलेले बहुतेक परत देऊ केले. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी त्यांनाच कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. ते १७९८ मध्ये सुटले. त्याच वर्षी सप्टेंबरात, मराठ्यांच्या भयाने, निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि आपले फ्रेंच पथक मोडले. १७९९ मध्ये टिपू पडला. पुण्यातही तैनाती फौज ठेवावी असा आग्रह सुरू होता. नाना जिवंत असेतो तो मान्य झाला नाही.

१३ मार्च १८०० रोजी नानांचे पुण्यात निधन झाले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या सैन्याचा पुण्याजवळ पराभव केला. दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ३१ डिसेंबर रोजी त्याने तैनाती फौज पत्करली, तीही वसई येथेच, जी चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून मोठ्या रक्तपाताने घेतली होती.

नानांची तरुण विधवा जिऊबाई बाजीरावाच्या धाकाने लोहगडावर राहिली होती. अखेरीस तिला सुरक्षितपणे पनवेलला नेले आणि वर्षासन मिळवून दिले ते इंग्रजांनीच.